पथ्य संपतं कधी?

बरेच वीकांत हा विषय डोक्यात घोळत होता. आज नागपुरात सकाळपासून पाऊस लागलाय, बाहेर पडायची सोय नाही, म्हटलं लिहूनच टाकू. विषय पोटाचा आहे. जेवता जेवता वाचत असाल तर आधी जेवून घ्या, घाई नाही :-)

तर झालं असं. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येते, जखमा होतात, रक्त पडतं. शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच आतड्यावर उलटते. औषधं सुरू झाली आणि दीडेक वर्षात आजार आटोक्यात आला. मागच्या पावसाळ्यात दुर्बिणीनं तपासणी झाली. आतड्याचे रंगीत फोटो आले, छान गुलाबी, गुळगुळीत. शौचाच्या तपासणीत सुजेचा आकडाही नॉर्मल. सगळे खूश.

फक्त माझ्या पोटाला हे कुणी कळवलं नव्हतं. दुपारी जेवलं की पोट ढोलासारखं फुगायचं. गुरगुर, कळ, आणि सकाळी ऑफिसला निघण्यापूर्वी तीन-तीनदा पळापळ. तेव्हाच्या डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "सूज नाही ना आता? मग काही नाही. टेन्शन घेऊ नका, तिखट-तेलकट बंद करा." आमच्या धंद्यात याला 'वर्क्स ऑन माय मशीन' म्हणतात.

मग सुरू झाली यादी. मोठ्या मावशीनं दूध बंद करायला सांगितलं. शेजारच्या काकूंनी फक्त दुधावर राहायला सांगितलं. एकानं गहू बंद केला, दुसऱ्यानं भात. नागपुरात राहून संत्रं बंद! मी सगळ्यांचं ऐकलं. इंजिनिअर असल्यामुळे एक्सेल शीट केली. 'चालतं' या रकान्यात शेवटी अकरा पदार्थ उरले. वजन ६४ चं ५५ झालं. पोट मात्र होतं तसंच, थोडं कमी गुरगुरणारं, कारण आत काही जातच नव्हतं.

हेही चाललं असतं. पण आईनं "दोनदा कशाला रांधायचं" म्हणून घरातून कांदा-लसूणच काढून टाकलं. बाबा काही बोलले नाहीत. एक दिवस ऑफिसातून लवकर निघालो तर सीताबर्डीला एका टपरीसमोर उभ्यानं तर्री-पोहे खाताना ते मला दिसले. मला पाहून त्यांनी प्लेट पाठीमागे नेली. अडुसष्ट वर्षांचा माणूस, शाळकरी पोरासारखा पकडला गेला. मी काही न पाहिल्यासारखं करून पुढे गेलो.

त्या रात्री ती शीट उघडून बसलो. कोणत्या तारखेला काय बंद केलं ते सगळं होतं. 'पुन्हा कधी सुरू करायचं' असा रकानाच नव्हता. ही पथ्यं येतात कुठून, आणि ती संपतात कधी हे कुणीच कसं सांगत नाही? या एका प्रश्नापायी मी जे वाचत सुटलो, त्याचा हा वृत्तांत.

गोष्ट सुरू होते एका खुनाच्या खटल्यापासून. १८५९ साली लंडनजवळच्या रिचमंडमध्ये इझाबेला बँक्स नावाची बाई जुलाब-उलट्यांनी खंगून गेली. तिच्याशी नुकतंच लग्न केलेल्या डॉ. थॉमस स्मेथर्स्टवर विषप्रयोगाचा आळ आला. या गृहस्थांची पहिली बायको हयात होती, त्यामुळे संशय यायला जागा होतीच. आल्फ्रेड स्वेन टेलर या नामांकित रसायनतज्ज्ञाला तपासणीत आर्सेनिक सापडलं, आणि मग कळलं की ते तपासणीसाठी वापरलेल्या तांब्याच्या जाळीतूनच आलं होतं! म्हणजे बग टेस्टमध्येच होता. स्मेथर्स्टला फाशी ठोठावली गेली, ती माफ झाली आणि मग दोन बायकांच्या गुन्ह्यात तो तुरुंगात गेला. या प्रकरणात सॅम्युअल विल्क्स या डॉक्टरनं त्या बाईचं आतडं तपासून जखमांचं वर्णन लिहून ठेवलं. अल्सरेटिव्ह कोलायटिसचा इतिहास सांगणारे बहुधा इथूनच सुरुवात करतात. गंमत म्हणजे आज ते वर्णन वाचून अनेकांना वाटतं की तो क्रोन्स असावा. हा क्रोन्स म्हणजे आमच्या आजाराचा थोरला भाऊ. बरिल क्रोन आणि दोन सहकाऱ्यांनी १९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातले १४ रुग्ण मांडले, तेव्हा त्याला नाव मिळालं.

आपल्याकडे मात्र जुलाबात रक्त पडलं की अमीबा, आणि आतड्यात गाठ दिसली की टीबी, असाच हिशेब बरीच वर्षं होता. आणि तो वेडगळ नव्हता, कारण दोन्ही आजार खरोखरच घरोघरी होते. आजही क्रोन्स की आतड्याचा टीबी हे ठरवताना इथले डॉक्टर घाम पुसतात. कोलायटिस हा गोऱ्यांचा आजार हा समजही फार काळ टिकला. २००३ साली लुधियानाच्या डॉक्टरांनी पंजाबातली पाहणी छापली, तेव्हा लाखामागे ४४ रुग्ण निघाले. म्हणजे मी एकटा नाही.

आता औषध नसताना लोक काय करत होते? अर्थात पथ्य. आणि पोटाच्या पथ्याचा विदर्भातला सगळ्यात प्रसिद्ध माणूस कोण, तर सेवाग्रामचे गांधीजी.

त्यांना कोलायटिस नव्हता हे आधीच सांगतो. त्यांचा आजार आमांशाचा. पण मूळ आजार ओसरल्यावरही पोट ताळ्यावर न येणं म्हणजे काय, हे त्यांनी पुरेपूर भोगलं. १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरती करत फिरताना ते बहुतांशी शेंगदाण्याची चटणी आणि लिंबावर राहत होते. पोट कुरकुरायला लागलं होतंच. एका सणाला कस्तुरबांनी गव्हाची गोड लापशी आणि मूग केले. थोडंसं खायचं म्हणून बसले आणि भरपूर खाल्लं. तासाभरात आमांश सुरू. मरणाच्या दारात जाऊन आले. मधे केळकर नावाचे एक मराठी गृहस्थ आले आणि त्यांनी अंगभर बर्फ लावायचा उपचार केला. गांधीजींनी आत्मकथेत त्यांना आपल्याच जातकुळीतला चक्रम म्हटलंय. त्यातून तगले, पण अशक्तपणा आणि गुदद्वाराच्या चिरा राहिल्या. माथेरानला हवापालटाला गेले, तिथलं जड पाणी सोसलं नाही. १९१९ च्या सुरुवातीला मुंबईत डॉ. दलाल म्हणाले, दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही. गांधीजींनी तर १९१२ साली दूध सोडलेलं. तेव्हा कस्तुरबांनी तोड काढली: व्रत घेताना डोळ्यापुढे गाय आणि म्हैस होती ना, मग शेळीचं चालेल! ते त्यांनी घेतलं, आणि शब्द पाळला पण व्रताचा आत्मा गेला ही बोच आयुष्यभर बाळगली.

मी मागच्या डिसेंबरात एका रविवारी सेवाग्रामला गेलो. नागपूरहून वर्धा रस्त्यानं ७५-८० किलोमीटर. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. गजानन महाराजांच्या शेगावशी डाकेची गल्लत व्हायला लागली म्हणून १९४० मध्ये सेवाग्राम झालं. बापूकुटीसमोर सारवलेल्या अंगणात बसलो आणि मनात आलं, या माणसाची आहाराची यादी माझ्यापेक्षा लांब असेल. कच्चं अन्न, सोयाबीन, कडुलिंबाची पानं, चिंच, सगळं करून झालं होतं. पण एक फरक आहे. १९२९ साली त्यांनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला, त्याचा प्रचारही केला. दोन-तीन महिन्यांत आमांश झाला आणि त्यांनी प्रयोग थांबवला. माझ्या एक्सेल शीटमध्ये असा एकही रोलबॅक नव्हता. दुसरीकडे दुधाचं व्रत मात्र त्यांना मागे घेता आलं नाही, कारण ते प्रयोग राहिलं नव्हतं. पथ्याचं व्रत कधी होतं ते आपल्यालाही कळत नाही.

आता थोडं अमेरिकेत जाऊ, कारण यादीचा पुढचा अवतार तिथला. १९२४ साली न्यूयॉर्कच्या सिडनी हास या बालरोगतज्ज्ञानं सीलिॲकच्या, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतडं बिघडणाऱ्या मुलांना केळ्यांवर ठेवलं. ग्लुटेनचा संबंध तेव्हा कुणाला ठाऊक नव्हता. मरणाला टेकलेली मुलं बरी होऊ लागली. हास यांना वाटलं, गुण केळ्यात आहे आणि दोष पिष्टमय पदार्थांत. प्रत्यक्षात केळी खाताना गहू बंद झाला होता एवढंच. हे उकललं डच डॉक्टर विलेम डिके यांनी, दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे, आणि १९५० मध्ये प्रबंधात मांडलं. हास मात्र आपल्या यादीवर ठाम राहिले. पुढे एलेन गॉटशाल नावाची एक आई कोलायटिस झालेल्या मुलीला घेऊन त्यांच्याकडे आली. मुलगी बरी झाली. आईनं स्वतः शिक्षण घेऊन त्या आहारावर पुस्तक लिहिलं, आणि ती यादी जगभर पसरली: धान्य नाही, बटाटा नाही, साखर नाही. त्या आईबद्दल मला आदरच आहे. पण २०२१ साली अमेरिकेत क्रोन्सच्या १९४ रुग्णांवर हा आहार आणि साधा भूमध्यसागरी आहार यांची तुलना झाली. सहा आठवड्यांनी लक्षणं थांबलेले लोक एकीकडे ४६.५ टक्के, दुसरीकडे ४३.५. म्हणजे जवळपास बरोबरी. मग जी यादी पाळायला सोपी, ती का नको?

मधल्या काळात औषधं आली. स्वीडनमध्ये नाना स्वार्ट्झ या डॉक्टरबाईंनी सांधेदुखीसाठी बनवून घेतलेलं सल्फासलाझिन कोलायटिसला लागू पडलं. त्यांनी ते १९४२ मध्ये छापलं. १९५५ साली ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी कॉर्टिझोनची मोठी चाचणी छापली. जीव वाचू लागले, आणि डॉक्टरांचं आहारावरून लक्ष उडालं. तसं ट्रूलव्ह यांनीच १९६१ मध्ये दुधानं काहींचा कोलायटिस उसळतो असं मांडलं होतं. पुढच्या चाचणीत फायदा झाला तो थोड्या लोकांना. पण 'थोड्यांना' हा शब्द वाटेत गळाला आणि 'दूध बंद' सगळ्यांना लागू झालं. तसंच 'चोथा बंद' चं. १९८५ मध्ये इटलीत क्रोन्सचे ७० रुग्ण घेऊन चोथा टाळणारा आहार आणि नेहमीचं जेवण यांची तुलना केली. फरक पडला नाही. आतडं अरुंद झालं असेल तर गोष्ट वेगळी, पण बाकीच्यांनी भाज्या उगाच सोडल्या होत्या.

दुधावरून आठवलं. दुधातली साखर पचवणं हा कोलायटिसचा प्रश्न नसून बऱ्याचदा आनुवंशिक असतो. १९८१ साली छापलेल्या एका पाहणीत दिल्लीकडे २७ टक्के लोकांना ती पचत नव्हती, दक्षिणेकडच्या केंद्रांत ६६ टक्के. आपण झिरो माइलवाले, मधोमध! मावशी आणि शेजारच्या काकू दोघीही बरोबर असू शकतात, फक्त वेगवेगळ्या पोटांबद्दल.

आता मुख्य मुद्दा. माझ्या पोटात एक नाही, दोन भानगडी होत्या. एक सुजेची, जी औषधानं शांत झाली. दुसरी आतड्याच्या वागण्याची: सूज येऊन गेलेलं आतडं हळवं होतं, साध्या वायूनंही कळवळतं. २०१२ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तर आजार शांत असलेल्या रुग्णांपैकी साधारण तिघांत एकाला अशी लक्षणं होती. म्हणजे तो माझ्या मनाचा खेळ नव्हता, आणि आजार उलटल्याचं लक्षणही नव्हतं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर नऊ किलो वाचले असते.

या दुसऱ्या भानगडीवरचा आहार आला ऑस्ट्रेलियातून. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातले पीटर गिब्सन आणि सू शेफर्ड यांनी २००५ मध्ये 'फॉडमॅप' हा शब्द काढला. लहान आतड्यात नीट न शोषली जाणारी, मोठ्या आतड्यात जाऊन आंबणारी कर्बोदकं. ती पाणी ओढतात, जंतू त्यांच्यावर ताव मारतात, वायू होतो. त्यांचा मूळ तर्क असा होता की अशा खाण्यानं क्रोन्स व्हायला मदत होत असावी. तो तर्क काही सिद्ध झाला नाही, पण त्यातून निघालेला आहार फुगणाऱ्या, कळ मारणाऱ्या पोटांना उपयोगी ठरला. २०२० साली लंडनच्या किंग्ज कॉलेजनं आजार शांत असूनही त्रास होणाऱ्या ५२ रुग्णांवर चार आठवडे चाचणी घेतली. पुरेसा आराम पडल्याचं ५२ टक्क्यांनी सांगितलं, दुसऱ्या गटात १६ टक्क्यांनी. मात्र लक्षणांच्या गुणांकातला फरक तितका ठळक नव्हता, सुजेचे आकडे बदलले नाहीत, आणि आतड्यातले काही उपयोगी जंतू कमी झाले. म्हणजे हा आजारावरचा इलाज नाही, आणि कायम पाळायचा आहार तर नाहीच.

आणि इथेच मला माझा हरवलेला रकाना सापडला. या आहाराचे तीन टप्पे आहेत. पहिला, दोन ते सहा आठवडे बंद. दुसरा, एकेक पदार्थ परत आणून पाहणं. तिसरा, जे सोसतं ते सगळं खाणं. गंमत अशी की लोक पहिला टप्पा उतरवून घेतात आणि दुसरा विसरतात. मला भेटलेल्या आहारतज्ज्ञ ताईंनी पहिल्याच दिवशी कॅलेंडर काढून परतीची तारीख लिहिली. माझं वजन पाहून पहिला टप्पाही तीनच आठवड्यांचा ठेवला.

विदर्भाच्या स्वयंपाकघरात याचा अर्थ काय? कांदा, लसूण, गहू, तुरीची डाळ, बेसन, दूध. म्हणजे तर्री-पोहे आणि पिठलं-पोळी या दोन ताटांत जवळपास सगळा आरोपी वर्ग हजर! त्याऐवजी ज्वारीची भाकरी, भात, दुधी, पालक, अंडी. लसणाची पाकळी तेलात तळून काढून टाकायची, कारण तिच्यातला त्रासदायक भाग पाण्यात विरघळतो, तेलात नाही, वास राहतो. मग चौथ्या आठवड्यापासून एका वेळी एकच पदार्थ, तीन दिवस, प्रमाण वाढवत. त्रास झाला तर थांबायचं, पोट शांत होऊ द्यायचं, पुढचा घ्यायचा. एका वेळी एकच बदल, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

निकाल असे. संत्रं पहिल्याच दिवशी पास. दोन पोळ्या चालतात, चार नाही. तुरीचं पातळ वरण चालतं. दूध नापास, दही-ताक पास. कच्चा कांदा नापास, शिजवलेला दोन चमचे पास. अकरा पदार्थांची शीट तीन महिन्यांत साठाच्या वर गेली. वजन ६१.

हे वाचून लगेच कांदा बंद करू नका बरं. रक्त पडत असेल, ताप असेल, वजन घटत असेल, रात्री झोपेतून उठवणारा त्रास असेल तर आधी सूज तपासायची. आजार उसळलेला असताना हा आहार कामाचा नाही, आणि औषधं तर माझी आजही चालू आहेत. वजन कमी असेल तर एकट्यानं करायचं नाही. मी केलं, म्हणून सांगतोय.

आजीला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "यात नवीन काय आहे रे बाबा?" तिचंही खरं. चरकसंहितेत शोधनानंतर पेज, मग घट्ट भात, मग कढण, असं पायरीपायरीनं नेहमीच्या जेवणावर यायचा क्रम दिलाय. त्याला संसर्जन क्रम म्हणतात. आणि चातुर्मास घ्या. चार महिने कांदा-लसूण नाही, पण सुरुवातीची तारीख ठरलेली आणि शेवटचीही. वर निरोपाला कांदेनवमी! त्या बंदीमागचं कारण वेगळं, पण तिला शेवट आहे. माझ्या बंदीला नव्हता.

असो. पाऊस थांबलाय. यंदा कांदेनवमीला आईनं घरात कांद्याची भजी केली. बेसन आणि कांदा, म्हणजे माझ्यासाठी दुहेरी गुन्हा. मी एकच खाल्लं. बाबांनी किती खाल्ली ते मोजलं नाही. रविवारी आम्ही दोघं सीताबर्डीला त्याच टपरीवर गेलो. माझी प्लेट चण्याशिवाय, तर्री वरवर. टपरीवाला म्हणाला, "काय भाऊ, चणा काहून नाही घेऊन राहिले?" बाबाच बोलले, "पुढच्या महिन्यात घेईल."